'आधी झाडपाला करून बघू' : कॅन्सरचं निदान झाल्यावर घरोघरी पडणारे प्रश्न

माझ्या मावशीच्या छातीत गाठ सापडली तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट आला, ऑपरेशनची तारीखही मिळाली. त्या तारखेच्या चार दिवस आधी कुणीतरी एका औषधवाल्याचा पत्ता दिला आणि पुढचे आठ महिने ती पुड्या घेत राहिली. ती गेल्यापासून मी मुंबईत परळला कॅन्सरच्या उपचारांसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना कागदपत्रं, राहण्याची सोय, योजनांचे अर्ज यांत मदत करते. ओपीडीच्या रांगेत आणि धर्मशाळेच्या ओट्यावर जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. तुमच्या रिपोर्टचा अर्थ तुमचे डॉक्टरच सांगतील. पण निर्णय घेण्याआधी काय माहीत असायला हवं होतं, हे मला आता नीट कळतं.

ऑपरेशन, केमो काही न करता नुसते पर्यायी उपचार घेतले तर काय होतं? याचा कुणी अभ्यास केलाय का?

केला आहे. २०१८ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी त्यांच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदींमधून २८१ रुग्ण शोधले. स्तन, मोठं आतडं, फुप्फुस आणि प्रोस्टेट या चार कॅन्सरपैकी एक झालेले, आणि नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेले हे लोक होते. त्यांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्या ५६० तशाच रुग्णांशी केली. फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका एकूण अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो साडेपाच पटींहून जास्त होता, आतड्याच्या कॅन्सरमध्ये साडेचार पट.

या आकड्यांतली एक गोष्ट मला झोपू देत नाही. हे सगळे रुग्ण असे होते ज्यांचा कॅन्सर शरीरात दूरवर पसरलेला नव्हता, म्हणजे बरं होण्याची खरीखुरी संधी हातात असलेले. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांपैकी पाच वर्षांनी हयात असलेले नेहमीच्या उपचारांच्या गटात शंभरात ८६-८७ होते, दुसऱ्या गटात ५८. प्रोस्टेटमध्ये मात्र त्या काळात ठळक फरक दिसला नाही, कारण तो बहुतेकदा फार संथ वाढतो. म्हणून 'अमक्याने काहीच केलं नाही तरी दहा वर्षं जगला' ही गोष्ट ऐकलीत तर आधी विचारा, कॅन्सर कुठला होता?

एक-दोन महिने पर्यायी औषध घेऊन बघितलं, नाही गुण आला तर जाऊच की ऑपरेशनला. एवढ्याने काय होतं?

मावशीचंही अगदी हेच वाक्य होतं. 'दिवाळी होऊ दे, तोवर पुड्या घेते.'

उपचार लांबले तर काय होतं यावरच्या ३४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. चार आठवडे म्हणजे पुड्यांचा एक 'कोर्स'. आणि कोर्स कधी एकावर थांबत नाही. पहिल्या महिन्यात 'शरीर शुद्ध होतंय' म्हणून सांगतात, दुसऱ्या महिन्यात गाठ दुखायला लागली तर 'औषध लागू पडतंय, आजार बाहेर येतोय' म्हणतात. मावशीची गाठ लिंबाएवढी होती ती कातडीपर्यंत आली, तेव्हाही आम्हाला हेच सांगितलं गेलं आणि आम्ही मान डोलावली. आठ महिन्यांनी काढलेल्या स्कॅनमध्ये यकृतावर डाग होते. आधी ज्या डॉक्टरांनी 'बरं करू' असा शब्द वापरला होता, त्यांनी त्या दिवशी तो वापरला नाही.

तुम्हाला थांबायचंच असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: माझ्या या कॅन्सरमध्ये किती दिवस थांबलं तर चालेल? दुसरं मत घ्यायला दहा-पंधरा दिवस लागले तर सहसा बिघडत नाही. काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये मात्र दोन दिवसही थांबता येत नाही.

केमो चालू ठेवून सोबत आयुर्वेदिक घेतलं तर?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि बहुतेक लोक डॉक्टरांना न सांगता हेच करत असतात.

येलच्या त्याच संशोधकांनी नेहमीच्या उपचारांसोबत पर्यायी उपचार घेणाऱ्या २५८ रुग्णांचाही अभ्यास केला. त्यांच्या मृत्यूचा धोकाही सुमारे दुप्पट निघाला. कारण शोधलं तर असं दिसलं की या लोकांनी नेहमीच्या उपचारांतला एखादा तुकडा गाळला होता. तिघांत एकाने केमो नाकारली होती, निम्म्याहून जास्त जणांनी रेडिएशन. 'ऑपरेशन झालंय ना, आता उरलेलं औषधाने बरं करू' हा विचार तिथेही होता आणि इथेही आहे. ऑपरेशननंतरची केमो डोळ्यांना न दिसणाऱ्या उरल्यासुरल्या पेशींसाठी असते. तिथे काही दिसत नाही म्हणूनच ती सोडून द्यावीशी वाटते.

दुसरी अडचण यकृताची आणि मूत्रपिंडाची. केमोची औषधं शरीराबाहेर काढण्याचं काम यांचंच आहे. त्यांच्यावर आणखी ओझं पडलं की रक्ताचे रिपोर्ट बिघडतात आणि केमोची पुढची तारीख पुढे ढकलावी लागते. गुळवेलीचं उदाहरण घ्या. कोविडच्या पहिल्या वर्षी घरोघरी काढे चालले होते. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले, सगळ्यांनी गुळवेल घेतलेली होती, आणि त्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, पण पुढे देशभरातल्या आणखी केंद्रांतून तसेच रुग्ण नोंदले गेले. भस्मांचा प्रश्न वेगळाच आहे. रसशास्त्र म्हणजे आयुर्वेदातली धातू-खनिजांची शाखा, तिच्यातली अनेक औषधं पारा, शिसं, हरताळ (आर्सेनिकचं खनिज) यांपासून करतात. २००८ मध्ये इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं अमेरिकेत तपासली, तर जवळपास पाचापैकी एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच: घेत असाल तर लपवू नका. डबी, पुडी, बाटली घेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. रागावतील, रागावू द्या.

सुरी लागली की कॅन्सर पसरतो म्हणतात. बायोप्सीच करू नये का?

करावी. बायोप्सीशिवाय कॅन्सर आहे की नाही, कुठल्या जातीचा, कुठलं औषध त्याला लागू पडेल हे काहीच कळत नाही. अंडकोशासारख्या थोड्या जागा अशा आहेत जिथे डॉक्टर सुई मुद्दाम टाळतात आणि वेगळ्या वाटेने जातात, ते त्यांच्या शिक्षणातच असतं. बाकी ठिकाणी सुईने कॅन्सर पसरून आजार बिघडला असं सहसा घडत नाही.

हा समज आला कुठून, याचा मी बराच विचार केला. आपल्याकडे माणूस उशिरा येतो. पोट उघडल्यावर आजार आत सगळीकडे गेलेला दिसतो, डॉक्टर काही न काढता टाके घालतात आणि दोन महिन्यांत माणूस जातो. गावाला फक्त एवढंच दिसतं की सुरी लागेपर्यंत हिंडताफिरता होता.

'आमच्या आयुर्वेदात चिरफाड नाही' असं सांगणाऱ्यांना मी एक गोष्ट जरूर सांगते. सुश्रुतसंहितेत अर्बुदावर, म्हणजे वाढणाऱ्या गाठीवर, शस्त्रकर्म सांगितलंय, आणि त्याचा अंश मागे राहिला तर ते पुन्हा लवकर वाढतं असा इशाराही दिलाय. अडीच-तीन दशकं कॅन्सरची ऑपरेशनं करणारे सर्जन आजही काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या आल्या का, हेच रिपोर्टमध्ये आधी बघतात. साध्य, कष्टसाध्य, याप्य (बरा होत नाही पण ताब्यात राहतो), असाध्य असे आजारांचे प्रकारही आयुर्वेदाने केलेत. 'सगळं शंभर टक्के बरं करतो' ही भाषा त्या शास्त्राची नाही, बाजाराची आहे.

आमच्या शेजारचे काका बरे झाले. डोळ्यांदेखत. ते खोटं कसं म्हणायचं?

खोटं म्हणू नका. काकांना जाऊन चार गोष्टी विचारा. बायोप्सी झाली होती का, आणि तिचा कागद दाखवता का? आधी ऑपरेशन किंवा केमो झाली होती का? कॅन्सर कुठला होता? आणि बरे झालात हे कुणी, कुठल्या तपासणीवरून सांगितलं?

मी असे काका आणि काकू पुष्कळ पाहिले. बऱ्याच जणांचं ऑपरेशन आधीच झालेलं असतं आणि श्रेय नंतरच्या काढ्याला मिळतं. काहींची गाठ मुळात साधी होती. क्वचित एखाद्याचा आजार खरोखर संथ असतो. आणि ज्यांनी त्याच औषधवाल्याकडून पुड्या घेतल्या आणि गेले, ते आपली गोष्ट सांगायला शेजारी येऊन बसत नाहीत. मावशीचा फोटो त्या औषधवाल्याच्या भिंतीवर नाही.

कावीळ तर गावठी औषधानेच बरी होते. मग कॅन्सर का नाही?

या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब देते, कारण आपल्याकडचा सगळा विश्वास मला वाटतं इथूनच सुरू होतो.

महाराष्ट्रात कावीळ 'उतरवतात'. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो आणि पाणी पिवळं होतं. कुणी काड्यांची माळ डोक्यावर ठेवतो, ती दिवसागणिक वाढत खाली उतरते. कुणी नाकात देवडांगरीचा रस टाकतो, मग नाकातून धो धो पिवळं पाणी येतं. काही भागांत अजून डाग देतात. आणि पेशंट बरा होतो! कारण दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई जातीची कावीळ बहुतेक लोकांत विश्रांती घेतली की काही आठवड्यांत आपोआप ओसरते. चुन्याच्या पाण्याचा पिवळेपणा आधी हाताला लावलेल्या आंब्याच्या सालीच्या रसाचा असतो. माळ वाढते ती काड्या सुकून गाठी सैल पडतात म्हणून. नाकातून येणारं पाणी त्या तिखट रसाने झालेल्या दाहाचं.

शंभरातले बहुतेक आपोआप बरे होणार असतील तर उतरवणाऱ्याचं नाव पंचक्रोशीत होणारच. पण कावीळ हे नुसतं लक्षण आहे. पित्ताशयाचा खडा नळीत अडकला तरी होते, स्वादुपिंडाच्या कॅन्सरने नळी दाबली तरी होते. लघवी गडद, शौचाचा रंग पांढुरका, अंगाला कंड, वजन उतरतंय, ही त्या दुसऱ्या काविळीची खूण. स्वादुपिंडाचा कॅन्सर ऑपरेशनच्या टप्प्यात सापडणं मुळातच दुर्मीळ, आणि कावीळ ही कधीकधी त्याने वेळेवर मारलेली हाक असते. त्या वेळी माणूस माळ घालून बसला तर ती हाक वाया जाते. गरोदरपणातली ई जातीची कावीळ तर जीवघेणी ठरू शकते. सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी, एवढ्याने दोन काविळींतला फरक बहुधा त्याच दिवशी कळतो.

औषधं शेवटी वनस्पतींतूनच येतात ना? मग थेट वनस्पतीच का घेऊ नये?

येतात, आणि आपल्याला त्याचा अभिमान वाटायला हवा. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन मिळतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिनक्रिस्टीन आजही वापरतात. सह्याद्रीच्या जंगलात नरक्या नावाचं झाड आहे, काही जण त्याला अमृता म्हणतात. त्यातल्या कॅम्पटोथेसिन या द्रव्यापासून आतड्याच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरची औषधं तयार होतात. त्याची एवढी तोड झाली की आता ते झाड जपावं लागतंय.

पण सदाफुलीची शेकडो किलो वाळलेली पानं लागतात तेव्हा कुठे हाताला ग्रॅमभर औषध लागतं. ते शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून देतात. हे औषध शिरेच्या बाहेर सांडलं तर मांस जळतं, इतकं ते जहाल आहे. पानं चावून खाल्ली तर त्यात किती औषध गेलं हे कुणालाच कळत नाही. कमी गेलं तर कॅन्सरला काही होत नाही आणि जास्त गेलं तर विषबाधा होते. चीनमध्ये परंपरेने वापरात असलेल्या आर्सेनिकचंही तसंच झालं. शुद्ध करून, मोजून दिल्यावर ते एका विशिष्ट रक्ताच्या कॅन्सरवर फार प्रभावी ठरलं. परंपरेतलं जे टिकतं ते दवाखान्यात येतं. त्याला बाहेर ठेवण्यात कुणाचा फायदा नाही.

लक्ष्मणफळ, गव्हांकुराचा रस, जर्दाळूच्या बिया, गोमूत्र?

लक्ष्मणफळ चवीला छान. त्यातल्या द्रव्यांनी काचेच्या भांड्यातल्या पेशी मरतात, माणसांतला कॅन्सर बरा झाल्याचा पुरावा नाही. कॅरिबियन बेटांवर ते आणि त्याच्या पानांचा काढा नियमित घेणाऱ्यांत कंपवातासारखा आजार जास्त दिसला, म्हणून रोज उकळून पिऊ नका.

गव्हांकुराचा कच्चा रस केमो चालू असताना धोक्याचा. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात आणि कच्च्या रसातले जंतू महागात पडतात. जर्दाळूच्या कडू बिया तर अजिबात नको. त्यांतून शरीरात सायनाइड तयार होतं. बियांतल्या ज्या द्रव्यातून ते तयार होतं, त्यापासून केलेल्या लेट्रिल या औषधाची १९८२ मध्ये अमेरिकेत १७८ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली होती, कुणाचाही कॅन्सर बरा झाला नाही आणि काहींना सायनाइडचा त्रास झाला. गोमूत्राने माणसाचा कॅन्सर बरा होतो असं कुठल्याही नीट केलेल्या चाचणीत दिसलेलं नाही.

होमिओपॅथीचे तर दुष्परिणाम नसतात. ती घ्यायला काय हरकत?

दुष्परिणाम नसतात कारण बहुतेक उच्च पोटेन्सीच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा पातळ केलेल्या, गोळ्यांत मूळ द्रव्याचा एक रेणूही उरलेला नसतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सगळा पुरावा तपासला आणि कुठल्याही आजारावर ती खात्रीने चालते असं म्हणता येत नाही, हा निष्कर्ष काढला. गोळीने अपाय होत नाही, पण गोळीवर विसंबून गेलेले महिने परत मिळत नाहीत.

माणूस कॅन्सरने नाही, केमोनेच मरतो. हे खरं ना?

केमो त्रासदायक आहे. गोड बोलून मी ते लपवणार नाही. भराभर वाढणाऱ्या पेशींवर ती तुटून पडते, त्यात केसांची मुळं, तोंडाचं आतलं अस्तर आणि रक्त तयार करणारा हाडांतला मगज हेही सापडतात. म्हणून केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी उतरतात. केस उपचार संपल्यावर काही महिन्यांत पुन्हा येतात. खरा धोका तापाचा. केमोनंतर ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळ होण्याची वाट बघू नका, रात्रीच रुग्णालय गाठा. केमोने दगावलेल्या रुग्णांच्या ज्या गोष्टी माझ्या कानावर आल्या, त्यांतल्या कित्येकांत घरच्यांनी तापाला क्रोसिन देऊन दोन दिवस काढलेले होते.

आणि सगळ्यांना केमो लागतेच असंही नाही. सीएमएल नावाच्या रक्ताच्या कॅन्सरला इमॅटिनिबची गोळी रोज घ्यावी लागते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त देशी गोळ्या सुरू राहिल्या. ती गोळी घेत वर्षानुवर्षं नोकरी, शेती, संसार करणारी माणसं मला भेटतात. त्यातला एक तरुण 'कायमचं बरं करतो' म्हणणाऱ्याच्या नादाने गोळी बंद करून बसला होता. चार महिन्यांनी प्लीहा एवढी वाढली की पँट बसेना, तेव्हा परत आला.

खर्च झेपत नाही. झाडपाला निदान स्वस्त तर पडतो?

मावशीच्या पुड्या महिन्याला अकरा हजारांना पडत होत्या. आठ महिन्यांचा हिशेब तुम्हीच करा.

पैशांची भीती खरी आहे आणि तिच्यापायी किती माणसं मागे फिरली ते मी मोजायचं सोडून दिलं. पण फिरण्याआधी हे करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन त्यात येतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राची खिडकी असते, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. मुख्यमंत्री सहायता निधी आणि सिद्धिविनायक मंदिर न्यासाकडेही अर्ज करता येतो. टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय १९४१ पासून परळला उभं आहे आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे, तिथे जनरल वर्गातल्या रुग्णाला खासगीच्या मानाने फार थोडे पैसे लागतात. गर्दी मात्र प्रचंड, पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी येईल. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन. रेल्वेच्या तिकिटात कॅन्सरच्या रुग्णाला सवलत असते, रुग्णालयाचा फॉर्म मागून घ्या.

सोशल वर्करचा विभाग कुठे आहे हे पहिल्याच दिवशी विचारायचं. खूप जणांना तो आहे हेच चौथ्या महिन्यात कळतं.

खरा वैद्य आणि फसवणारा, कसा ओळखायचा?

चांगला वैद्य तुमचे रिपोर्ट वाचतो आणि 'ऑपरेशन करून या, नंतर भूक-झोपेसाठी काय देता येईल बघू' असं म्हणतो. असे वैद्य आहेत, मी त्यांना ओळखते.

औषधात काय आहे ते सांगत नाही, डॉक्टरांना कळू देऊ नका म्हणतो, केमो केलेला पेशंट घेत नाही, बऱ्या झालेल्यांचे व्हिडिओ दाखवतो, पैसे आगाऊ घेतो, त्याच्या दारातून उलट पावली फिरा. आणखी एक माहीत असू द्या: १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यात कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणंच गुन्हा आहे. बोर्डावर तसं लिहिणारा माणूस पहिल्याच ओळीत कायदा मोडतोय.

इतर आजारांचं काय?

टाइप १ मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन कुणाच्याही सांगण्यावरून एक दिवसही बंद करू नका, काही दिवसांत जीव जातो. क्षयाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, अर्ध्यावर सोडल्या तर आजार औषधांना दाद देईनासा होतो. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर कुणी दवाखान्यात जाऊ देत नसेल आणि मंत्र-गंडा करत असेल, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो महाराष्ट्रात गुन्हा आहे. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पूर्ण उपचार मिळाले तर बहुसंख्य मुलं बरी होतात. दोन-अडीच वर्षं चालणारे उपचार मध्येच सोडू नका, पोर हसत-खेळत दिसलं तरी.

योग, प्राणायाम, जप, आहार?

करा. थकवा, झोप, मनाची घालमेल यांवर योगाचा चांगला उपयोग होतो. भाकरी, वरण, अंडी, दही, जे पचतं ते पोटभर खाऊ द्या. 'साखर बंद, गहू बंद, दूध बंद' करून आधीच उतरलेलं वजन आणखी उतरवू नका.

आईला कॅन्सर आहे हे तिला सांगितलेलंच नाही. आता ती म्हणते काढाच घेते.

तुम्ही तिला 'साधी गाठ आहे' सांगितलंत. साध्या गाठीसाठी कुणी छाती का कापून घेईल? तिचा निर्णय तिच्या माहितीप्रमाणे बरोबरच आहे. आम्हीही मावशीला 'कॅन्सर' हा शब्द फार उशिरा सांगितला. मामाने दारात डॉक्टरांना हात जोडून विनवलं होतं, तिच्यासमोर नाव घेऊ नका म्हणून. आज मला वाटतं, पुड्या तिने निवडल्या, पण अर्धी निवड आमच्या त्या लपवाछपवीने केली होती.

बाबांना सगळं माहीत आहे, तरी ते ऐकत नाहीत.

सज्ञान माणसाला उपचार नाकारायचा हक्क आहे. वाद घालून तो जिंकता येत नाही. त्यांना विचारा, नेमकी कशाची भीती वाटते? मला मिळालेली उत्तरं: शौचासाठी पोटाला पिशवी लावतील. शेत विकावं लागेल. बायको एकटीने मुंबईत कशी राहील. जबड्याच्या ऑपरेशननंतर बोलता येणार नाही. डॉक्टर माझ्याकडे न बघता मुलाशीच बोलले. यातल्या एकाही उत्तरात आयुर्वेद नव्हता. प्रत्येक भीतीला एक ठोस उत्तर शोधा. तेच ऑपरेशन झालेल्या माणसाशी दहा मिनिटं बोलणं करून द्या, माझ्या दहा तासांपेक्षा त्याचा उपयोग होतो. डॉक्टर बदलायचे असतील तर बदला. 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून टाटा मेमोरियल आणि राष्ट्रीय कर्करोग ग्रिड (देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं) यांच्या तज्ज्ञांचं दुसरं मतही घेता येतं.

डॉक्टरांनीच सांगितलं, आता उपाय नाही. आता तरी झाडपाला करू?

इथे मी कुणाला अडवत नाही. फक्त उरलेल्या दिवसांत दूरच्या गावी खडतर प्रवास, कडक पथ्यं आणि कर्ज नको. 'उपाय नाही' म्हणजे कॅन्सर घालवायचा उपाय नाही. वेदना, दम, उलटी, जखमेचा वास यांवर उपाय असतात आणि ती वेगळी शाखाच आहे, पॅलिएटिव्ह केअर. वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, गोव्यातही त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने माणूस नशेडी होत नाही, शांत झोपतो. मावशीला शेवटचे सहा आठवडे ते मिळालं. त्यांतल्या एका संध्याकाळी तिने उठून बसून कांदेपोहे मागितले होते.

आम्हीही सहा महिने पुड्या घेतल्या. आता परत त्याच डॉक्टरकडे जायला तोंड नाही.

जा. कदाचित ओरडा बसेल. मावशी त्या ओरड्याच्या भीतीने शेवटचे दोन महिने आणखी थांबली होती. नको वाटत असेल तर दुसऱ्या रुग्णालयात जा, पण या आठवड्यात जा. सहा महिन्यांनीही पुष्कळांना चांगले उपचार मिळतात, कॅन्सर कुठला आणि कुठवर गेलाय हे पुन्हा तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही.

पिशवीत हे ठेवा: बायोप्सीचा मूळ रिपोर्ट आणि शक्य असेल तर लॅबमधून त्याचे ब्लॉक व स्लाइड (तपासलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने), जुने स्कॅन आणि त्यांच्या सीडी, चालू गोळ्यांची यादी, रेशनकार्ड, आधार. आणि उरलेल्या पुड्या. त्या फेकून देऊ नका, एका कागदावर किती दिवस, दिवसातून कितीदा घेतल्या ते लिहा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. सोबत असं एक माणूस न्या जे घाबरणार नाही आणि डॉक्टर काय म्हणाले ते वहीत लिहून घेईल.